दादाच्या शेजारची जागा

४ ऑगस्ट

तीर्थरूप वहिनींस,

प्रभूमध्ये सलाम.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. फोनवर आपल्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. पत्र जावईबापूंच्या हाती देत आहे. टपालाला चार दिवस लागतात. त्यांच्या कंडक्टरच्या पिशवीतून गेलेले पत्र दुपारी आपल्या हातात पडते.

आनंदाची बातमी अशी की, पालिकेच्या निवडणुकीत आपल्या वॉर्डातून माझे नाव जवळजवळ नक्की झाले आहे. पक्षाचे साहेब स्वतः घरी येऊन, खुर्चीवर बसून, चहा घेऊन गेले. त्यांची अट एकच. आपल्या चर्चची सबंध मंडळी माझ्या पाठीशी आहे हे त्यांना कागदावर दिसले पाहिजे. चर्चचा चिटणीस या नात्याने मी सह्यांची यादी सुरू केली आहे. एकशे नव्वद सह्या झाल्या. तेवढ्याच अजून हव्यात, पण त्या कंपाउंडरने अडवून धरल्या आहेत. आपल्या सुईणबाईंचा मुलगा, औषधांचे दुकान आहे तोच. त्याला दुसऱ्या पक्षाकडून उभे राहायचे आहे आणि त्यासाठी त्याला हीच मंडळी हवी आहे. त्याने आता वेगळी उपासना सुरू केली आहे. सकाळी आमची, दुपारी त्यांची. पाळकसाहेब दोन्हीकडे एकच उपदेश करतात, दुपारी जरा पेंगत.

आपण लेकीकडे राहायला गेलात तरी आपले नाव इथल्याच वहीत आहे. सोबत अर्ज जोडला आहे. फुली केली आहे तिथे सही करून जावईबापूंच्या हाती परत पाठवावा.

दादाच्या शेजारची आपली जागा माझ्या लक्षात आहे. दफनभूमीची नोंदवही माझ्याच कपाटात असते. त्याबद्दल काळजी नसावी.

आपला दीर


९ ऑगस्ट

धाकट्या,

सलाम. पत्र मिळालं. तू मला ‘आपण’ लिहिलंस तेव्हा मी मान वळवून बघितलं, मागे कुणी पाहुणी उभी आहे का.

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि तुझ्या नाकाला कायम धार लागलेली असायची. मला चाळीस गीतं तोंडपाठ होती आणि अक्षर एकही येत नव्हतं. तू पायरीवर गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचास आणि म्हणायचास, "वहिनी, तू म्हण, मी बोट सरकवतो." मी म्हणायची, तू माझं बोट धरून ओळीखालून सरकवायचास. आठ दिवसांत मला वाटायला लागलं, आपल्याला वाचता येतं. मग एक दिवस तू गुपचूप दुसरं पान उघडलंस आणि मी आपली जुनंच गीत म्हणत राहिले. तू उचकी लागेपर्यंत हसलास. मी रडले. मग तू पाटी आणलीस.

तीन महिन्यांनी तुला शिकायला बाहेर ठेवलं. पुढचं मी माझं मीच केलं. तुझ्या दादाच्या दगडांवरून केलं. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कुणी खडूनं लिहून दिलं की छिन्नीनं असं कोरायचा की शाळेतल्या मास्तरांनी बघत राहावं. मी मागे उभी राहून एकेक अक्षर जोडायची. कुणी पहिल्यांदा गोष्ट वाचतं, मी पहिल्यांदा वाचलं ते एका मेलेल्या माणसाचं नाव. आता जावई बसमध्ये लोक विसरून गेलेली पुस्तकं आणतो. महिनाभर कुणी विचारायला आलं नाही की ती माझी. कोंबड्या पाळण्याचं पुस्तक मी दोनदा वाचलंय. घरात कोंबडी एक नाही.

हे सगळं तुझ्यामुळे. दिवसातून एकदा तरी मी तुझे आभार मानते, तुला कळो न कळो. तुझा दादा गेला त्याला चार वर्षं झाली. दुपार काही केल्या सरत नाही, पण वाचायला येतं म्हणून ती निदान सरकते.

आता सहीचं. सही तूच शिकवलीस आणि शिकवताना म्हणालास, "वाचल्याशिवाय सही करायची नाही, मी सांगितलं तरी." म्हणून अर्ज वाचला. त्यात लिहिलंय, खाली सही करणारे ते मंडळीचे खरे सभासद. मग सही न करणारे कोण? सुईणबाई कोण? घंटा वाजवणारा तो मुका-बहिरा माणूस कोण?

दगड कसा फोडतात ते तू लहानपणी बघितलं आहेस. घण घालून कुणी फोडत नाही, तसा तो वेडावाकडा जातो. आधी छिन्नीनं एक रेघ मारतात. बारीक, केसासारखी. दगडाला काही झालेलंच दिसत नाही. मग त्या रेघेवर पाचर ठेवून हलका ठोका दिला की दोन तुकडे. तुझी यादी ती रेघ आहे रे. ठोका द्यायला पुढे कुणीही येईल, तुझे साहेब येतील, कंपाउंडरचे येतील. रेघ मात्र तुझ्या हातची असेल.

तू निवडणुकीला जरूर उभा राहा. गटारं नीट कर, नळाला पाणी आण. माझं नाव तिथल्या मतदारांत असतं तर सकाळी सातला जाऊन तुला मत दिलं असतं. पण मतं मागायची तर रस्त्यावर माग. प्रभुभोजनाच्या मेजावरून उचलून नेऊ नकोस.

अर्ज कोरा परत पाठवते. तुला बायको नाही, म्हणून हे बोलायचं काम माझ्याकडे आलं. राग मानू नकोस.

सुईणबाई कशा आहेत? त्यांना माझा सलाम सांग. तू जा, निरोप पाठवू नकोस.

तुझी वहिनी


२ सप्टेंबर

तीर्थरूप वहिनींस,

सलाम.

आपल्या पत्रातील भावना समजल्या. परंतु आपण तिकडे असल्याने इथली परिस्थिती आपल्याला माहीत नाही. कंपाउंडरच्या माणसांनी मागील रविवारी आमची उपासना संपण्यापूर्वीच बाहेर उभे राहून मोठ्याने गीत सुरू केले. आमचेही लोक मग जोरात गायले. गीत एकच होते, पण चाल वेगळी धरल्याने फार वाईट वाटले.

नाइलाजाने कमिटीने ठराव केला आहे. पंधरा तारखेपर्यंत ज्यांची सही होणार नाही त्यांचे सभासदत्व संपेल आणि जो सभासद नाही त्याला दफनभूमीत जागा मिळणार नाही. ही केवळ कागदावरची गोष्ट आहे. भीती दाखवल्याशिवाय लोक हलत नाहीत, असे साहेबांचे म्हणणे आहे आणि ते अनुभवी आहेत.

आपल्यासाठी मी अपवाद करीन. वहीत आपल्या नावापुढे मी स्वतःच खूण करून ठेवतो. फक्त याची वाच्यता नको.

आपला दीर


६ सप्टेंबर

भावजी,

तुमचं पत्र मिळालं.

तुमच्या दादानं ती जागा कशी घेतली, ते तुम्ही विसरला असाल म्हणून लिहिते. एका वर्षी त्याच्याकडे एक चांगला काळा दगड उरला होता. म्हणाला, आपल्या दोघांचाच घडवून ठेवतो, नंतर कुणी वेडंवाकडं करेल. मी म्हटलं, जिवंत बाईचं नाव दगडावर नको. तेव्हा तुम्हीच खडूनं लिहिलंत, आधी त्याचं नाव आणि खाली ‘आणि त्याची पत्नी’. त्यानं तसंच कोरलं. मग मला दारात उभं करून माझ्या उंचीचा दोरा कापला आणि जाऊन त्याच्या उजव्या हाताची जागा त्या दोऱ्यानं मोजून आला. तो दोरा मी पुस्तकात खूण म्हणून घालते. आत्ता तो कोंबड्यांच्या पुस्तकात आहे.

जागेचा कागद तुमच्याच अक्षरात आहे. त्यात तुमच्या दादानं एक ओळ घालायला लावली होती. जागा हिची, किंवा ही लेखी देईल त्या माणसाची. म्हणाला, "ही लेकीकडे गेली आणि तिकडेच संपली तर? घडवलेली जागा फुकट जाऊ नये." तो असा होता. मरणातसुद्धा उरलेला दगड वाया घालवायचा नाही.

चार वर्षं मी त्या जागेच्या आधारावर उठते आणि झोपते. लोक म्हातारपणासाठी घर बांधतात, माझं घर ते आहे. हे मी कुणापाशी बोलले नव्हते, तुम्हाला सांगते. आणि तरीही सांगते, तुमचा अपवाद मला नको. वहीत चोरून खूण केलेली मला चालणार नाही. ती ताबडतोब खोडा.

एकच विचारते. सुईणबाईंनी सही केली का? जावई सांगत होता, त्यांचा तर आता हात हलत नाही. मग त्यांचं काय करणार? तुम्ही स्वतः त्यांच्या हातात जन्माला आलात. माझी लेक त्यांच्या हातात जन्मली. तिच्या आधीच्याला श्वास आला नाही, तेव्हा त्यांनीच त्याला आंघोळ घालून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि तीन दिवस माझ्या खाटेपाशी बसून राहिल्या. घरी त्यांचं स्वतःचं पोर तापानं फणफणलं होतं. तेच पोर आज कंपाउंडर.

उत्तर द्या.

वहिनी


२१ ऑक्टोबर

आदरणीय काकू,

सलाम. मी सुईणबाईंचा मुलगा, कंपाउंडर. पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे, चूकभूल माफ करा.

आई फार तर दोन दिवसांची सोबती आहे. डॉक्टरांनी सांगितलं आणि मलाही दिसतं, इतकी वर्षं औषधं देतोय. आता पाणीही कापसानं देतो. मधूनच शुद्धीवर येते आणि विचारते, "कुणाला कळा सुरू झाल्या? माझी पिशवी कुठाय?" तुमची आठवण काढते. परवा म्हणाली, "दगडवाल्याच्या बायकोला सांग, तिला मी विसरले नाही."

तुमच्या दिराकडे मी जाऊन आलो. आईला बाबांच्या बाजूला जागा नाही, तिथे कधीच दुसरं कुणी आहे. नवी जागा द्या म्हटलं. तो म्हणाला, "आई जिवंत असताना जागा मागतोस? हे तुझं राजकारण आहे." मग म्हणाला, "कमिटी बघेल." दफनभूमीच्या फाटकाला त्यांचं कुलूप आहे. खरं सांगायचं तर एक आमचंही आहे. त्यांनी लावलं म्हणून बरोबरी राहावी यासाठी आम्ही लावलं. आता एकाची किल्ली असून उपयोग नाही. सप्टेंबरपासून मंडळीत कुणी गेलं नाही, म्हणून हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

काकू, एक विनंती. तुमच्या दिरानं सुईणबाईंवर कसा अन्याय केला, एवढं चार ओळींत लिहून सही करून पाठवा. सख्ख्या वहिनीनं लिहिलं की वजन पडतं. वर्तमानपत्रवाला तयार आहे, जागा राखून ठेवलीय म्हणाला. आमच्या बाजूची यादीही सोबत आहे, जमलं तर तिच्यावरही सही करावी.

तुमचा,
कंपाउंडर


२२ ऑक्टोबर, सकाळ

बाळ,

तुला मी पाळण्यात बघितलंय, म्हणून बाळ म्हणते. उमेदवारांना असं म्हणत नसतील.

तुझी यादी परत पाठवते. माझ्या दिराची परत पाठवली तशीच, कोरी. चार ओळी मात्र लिहिल्या आहेत. त्या वर्तमानपत्रासाठी नाहीत. सोबतच्या जागेच्या कागदाच्या पाठीवर बघ.

‘माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची जागा मी सुईणबाईंना देते. राजीखुशीनं देते. त्यांनी तीन दिवस माझ्यापाशी बसून काढले होते.’ खाली सही आहे.

हा कागद माझ्या दिराच्या हातचा आहे. त्याला तो नाकारता येणार नाही, कमिटीलाही नाही, कारण तेव्हा यादी नव्हती.

माझ्या तीन अटी आहेत. हे कुठेही छापून आणायचं नाही. कबरीपाशी कुणी भाषण करायचं नाही. आणि आईला खांदा द्यायला माझ्या दिराला बोलवायचं. तू स्वतः त्याच्या दारात जायचं, माणूस पाठवायचा नाही. तुला जड जाईल. पण तुझ्या आईच्या ओंजळीत तो तुझ्या आधी आला होता.

त्यांना ऐकू येत असेल तर कानात सांग, दगडवाल्याच्या बायकोला अजून आठवतं. त्यांनी मला तेव्हा रडू नकोस असं एकदाही म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानायचे राहून गेले. आज मानते.

जावई सातच्या गाडीला आहे, म्हणून थांबते.

काकू


२९ ऑक्टोबर

वहिनी,

सलाम. सात आठवडे मी उत्तर दिलं नाही. तुम्ही मला भावजी म्हणालात आणि अहो-जाहो केलंत. त्यापेक्षा समोर उभं करून कानफटात दिली असती तर सोपं गेलं असतं. ते पत्र मी नोंदवहीच्या खाली ठेवलं होतं, म्हणजे कपाट उघडलं की दिसू नये.

सुईणबाई गुरुवारी पहाटे गेल्या. सकाळी कंपाउंडर दारात आला. एकटा, चपला हातात, म्हणजे चिखलातून मधल्या वाटेनं आला होता. मला वाटलं भांडायला आलाय. मी बाह्या सरसावल्या. त्यानं कागद पुढे केला आणि म्हणाला, "तुझंच अक्षर आहे ना? वाच."

मी वाचलं. ‘किंवा ही लेखी देईल त्या माणसाची.’ माझंच अक्षर. दादा माझ्या खांद्यावरून वाकून विचारत होता, "लिहिलंस का? वाचून दाखव," ते आठवलं. मग कागद उलटा केला. तुमची सही बघितली. शेवटच्या अक्षराला तुम्ही शेपूट ओढता, ते मीच शिकवलं होतं, ऐटीत दिसावं म्हणून. मी उंबऱ्यावर खाली बसलो.

कंपाउंडर म्हणाला, "काकूंनी तुला खांदा द्यायला बोलवायला सांगितलंय. मला बोलवायचं नव्हतं. पण अट आहे."

मी म्हटलं, "मला यायचं नव्हतं. पण येतो."

फाटकाशी दोघं गेलो. माझं कुलूप उघडलं, त्याचं उघडेना. पावसाळ्यात गंजलं होतं. तो किल्ली फिरवून घामाघूम झाला. मीच घरी जाऊन तेल आणलं. दोन्ही बाजूंचे लोक फाटकाबाहेर उभे राहून आम्हा दोघांना एका कुलपाशी झटताना बघत होते. 

पेटी खांद्यावर घेतली. पुढे उजवीकडे तो, डावीकडे मी. तो बुटका, मी उंच, त्यामुळे पेटी त्याच्याकडे कलायला लागली. त्यानं हळूच सांगितलं, "वाक जरा." मी वाकून चाललो. वहिनी, पाठ अजून दुखते.

आता पुढचं तुम्हाला लिहू की नको, असं झालंय. खड्डा खणून झाला होता. पाळकसाहेब पुस्तक उघडून दगडापाशी उभे राहिले आणि सवयीनं दगडावरचं मोठ्यानं वाचायला लागले. दादाचं नाव वाचलं आणि पुढे ‘आणि त्याची पत्नी’. वाचून ते थांबले. दगडाकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, सगळ्या मंडळीकडे बघितलं. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सुईणबाई आता दादाची बायको म्हणून झोपणार होत्या.

कंपाउंडर दगडाकडे बघत राहिला. मी म्हटलं, झालं, आता हा पेटणार. तो म्हणाला, "दादा आईला बघून मागच्या दारानं पळायचा. बाळंतपणात लुडबुड करतोस म्हणून तिनं एकदा त्याला कालथा फेकून मारला होता. आता कुठे पळेल बिचारा?"

आधी मागून एक बाई फुसकन हसली. मग तो मुका घंटावाला, त्याला काय कळलं देव जाणे, पण तो हसला. मग सगळेच. पाळकसाहेब पुस्तकाआड तोंड घालून हसत होते. कंपाउंडर हसता हसता रडायला लागला आणि खाली बसला. जवळ मीच होतो. मी त्याला उठवलं. दुसरं कुणी जवळ असतं तर त्यानं उठवलं असतं. एवढंच ते होतं, जास्त काही समजू नका.

तेवढ्यात साहेब आले, मोठं पुष्पचक्र घेऊन. मला बाजूला घेऊन विचारलं, "गर्दी चांगली आहे. यात आपली किती?" मी सांगायला म्हणून मान वर केली. सगळे माती द्यायला ओळीनं पुढे येत होते. ओळीतला जवळजवळ प्रत्येक जण सुईणबाईंच्या हातात जन्मलेला. मीसुद्धा. मी एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. मला मोजता येईना. खरंच सांगतो, यादी माझ्या खिशात होती आणि मला मोजता येईना.

त्या दिवसानंतर मी उमेदवारी मागे घेतली.

वरचं वाक्य खोडलंय, पण तुम्हाला वाचता येईलच, तुम्ही दगडावरची पुसट अक्षरंही वाचता. खरं असं आहे की, मी मागे घेतली नाही, साहेबांनीच काढून घेतली. शनिवारी फोन आला, "ज्यांना घरचं कुलूप सांभाळता येत नाही..." वगैरे. मला वाईट वाटलं. दोन दिवस फार वाईट वाटलं. तेही लिहितो, कारण तुमच्याशी आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय.

ठराव कमिटीपुढे ठेवून रद्द करून घेतला. एका मतानं झाला, ते मत माझं. उपासना अजून दोन होतात. दुपारच्या उपासनेला मी परवा मागच्या बाकावर जाऊन बसलो. कुणी उठवलं नाही, कुणी सरकूनही बसलं नाही. फाटकाला कुलूप नाही. दोन्ही कुलपं कंपाउंडरच्या दुकानात काचेच्या कपाटात पडली आहेत, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी.

आता तुमच्याबद्दल. मी तुमची जागा घालवली. तुम्ही दिलीत हे खरं, पण द्यायला मी लावलं. दादाच्या डाव्या हाताला, भिंतीकडे, एक जागा माझ्या नावावर आहे. ती मी तुमच्या नावावर केली आहे. कागद सोबत आहे. मला कुठेही चालेल. नाही म्हणू नका.

तुमचा,
धाकटा


३ नोव्हेंबर

धाकट्या,

सलाम. तुझं पत्र लेकीला वाचून दाखवताना दोघी हसलो, मग दोघी रडलो, मग जावई जेवायला आला आणि बघतो तर चूल थंड. त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मला माहीत असतं पिशवीत काय काय नेतोय, तर तिकीट लावलं असतं."

दगड आहे तसाच राहू दे. कुणी बदलायचं म्हणालं तर माझं नाव सांग. कंपाउंडरला फक्त सांग, खाली कोपऱ्यात ‘सुईणबाई’ एवढं कोरून घे, म्हणजे नंतरच्या लोकांचा गोंधळ व्हायला नको. तुझ्या दादाचा संसार तसाही गर्दीचा होता. येणारा-जाणारा जेवल्याशिवाय जायचा नाही. आणि हो, कालथा फेकला ते खरं आहे. कपाळावरची खूण शेवटपर्यंत होती. लोकांना सांगायचा, दगडाची चीप उडाली.

तू खरं लिहिलंस, मग मीही लिहिते. मी ‘राजीखुशीनं’ असं लिहिलं होतं. त्या दिवशी जावयाला पत्र देऊन मी स्टँडवर उभी राहिले. बस निघाली आणि मी मनात म्हटलं, बंद पडू दे. पुलापाशी बंद पडू दे, चाक बसू दे, काहीही होऊ दे. सुईणबाई जायला टेकल्याची बातमी असलेल्या पत्राला उत्तर देऊन मी असं म्हटलं. वळणापर्यंत बस दिसत होती आणि वळणापर्यंत मी तेच म्हणत होते. घरी येऊन दोरा हातात घेऊन बसले. लेकीनं विचारलं, काय शिवायचंय? मी म्हटलं, काही नाही.

बस बंद पडली नाही. आता रोज सकाळी सातला ती इथून सुटते तेव्हा मी त्या न बंद पडलेल्या बसबद्दल आभार मानते. सुईणबाईंना उघड्या फाटकातून आत जाता आलं. तू वाकून चाललास. हे सगळं मला मिळालं, ते एका जागेच्या बदल्यात. त्या जागेत मला एरवी नुसतंच पडून राहायचं होतं.

साहेबांनी तुझं नाव काढलं याचं वाईट वाटलं, ते वाटू दे. मलाही वाटलं, कारण गटारं तू खरोखर नीट केली असतीस. पुढच्या खेपेला स्वतःच्या नावावर उभा राहा. पडलास तर पडलास. पण त्या दुपारच्या मागच्या बाकावर जायचं सोडू नकोस. सरकून बसायला लोकांना वेळ लागतो. तुझा दादा म्हणायचा, फुटलेला दगड जुळत नाही, पण पायरीला दोन्ही तुकडे लावता येतात. फक्त मधून पाणी जातं की नाही ते दर पावसाळ्यात बघावं लागतं.

तुझी जागा घेते. नाही म्हणणार नाही. आयुष्यभर लोकांना द्यायला शिकले, घ्यायला या वर्षी शिकते आहे. तू कुठे जाशील, ते आपण दोघं मिळून शोधू. घाई नाही, तू अजून धडधाकट आहेस, पाठ सोडून.

सोबत दोरा पाठवते. भिंतीकडे लावून बघ, पुरतो का. लेकीनं काल मला दारात उभं करून मोजलं, तर मी त्या दोऱ्याहून चार बोटं कमी भरले. दोरा कापू नकोस. तेवढी जागा जास्तीची राहू दे. तू माझ्यापाशी वाचायला येशील तेव्हा पाय ठेवायला होईल.

पण त्याआधी, मी अजून इथे आहे तोवर, एकदा ये. रविवारी सकाळची उपासना झाली की बसमध्ये बस. जावयाला सांगून ठेवलंय, खिडकीची जागा राखेल. येताना गीतांचं जुनं पुस्तक घेऊन ये, पानं सुटलेलं. माझी नजर आता बारीक अक्षरावर ठरत नाही.

या खेपेला तू म्हण, बोट मी सरकवते.

तुझी वहिनी